पुणे विद्यापीठ की जळगाव? फॉर्म भरण्याआधी

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. वर्षभर सातबारा, पॅन कार्ड, पीक विमा असलं चालतं. पण जून उजाडला की बाहेरच्या बाकावर पोरं-पोरी आणि त्यांचे आई-बाप बसलेले असतात. बहुतेकांचा प्रश्न एकच: दोन ठिकाणी नंबर लागलाय, कुठं घेऊ?

मागच्या वर्षी एक बाप-लेक आले होते. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली, एम.एस्सी. ऑरगॅनिक करायचं. एक जागा जळगावला विद्यापीठाच्या आवारातल्या रसायनशास्त्र प्रशाळेत, दुसरी 'पुणे विद्यापीठात'. वडील ठाम. "भाऊ, पुण्याचंच भरा. नाव शे त्याचं." मी मुलीला म्हटलं, बेटा, मेल दाखव. मेलमध्ये कॉलेजचं नाव होतं आणि गाव होतं मालेगावच्या पुढचं, नाशिक जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. मी नकाशा उघडून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. पारोळ्याहून पुण्यापेक्षा ते गाव कितीतरी जवळ, आणि तिथून पुणं दोनशे किलोमीटरच्या वर. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग याम्हा पुणं कथं शे?" म्हणजे, मग यात पुणं कुठं आहे?

तेव्हापासून बाकावर बसलेल्या प्रत्येकाला मी आधी तोच प्रश्न विचारतो. पुढं जे लिहितोय ते पहिल्यांदाच घरातून कुणी बाहेर शिकायला निघालंय अशा घरांसाठी आहे. ज्यांच्या घरात आधीच दोन इंजिनीअर आहेत त्यांना यातलं बरंचसं माहीत असेल.

पहिली पायरी: नेमकं काय तोलताय ते कागदावर लिहा

'विद्यापीठ' हा शब्द आपण तीन-चार वेगळ्या गोष्टींना वापरतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 1949 चं. त्याचं कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे. आपलं जळगावचं विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं. त्याआधी आपली कॉलेजंही पुण्यालाच जोडलेली होती. म्हणून घरातल्या काकांच्या जुन्या पदवीवर पुणे विद्यापीठ लिहिलेलं असतं आणि ते आयुष्यात पुण्यात राहिलेले नसतात. 2018 पासून आपल्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या असोद्याच्या बाईचं नाव लाखो पदव्यांवर छापलं जातं, याचा मला तरी अभिमान वाटतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचे जिल्हे.

आता प्रत्येक विद्यापीठात दोन प्रकारची शिकण्याची ठिकाणं असतात. एक, विद्यापीठाच्या आवारातले स्वतःचे विभाग किंवा प्रशाळा: पुण्यात गणेशखिंडीला, जळगावला गिरणेच्या काठी बांभोरीजवळ. दोन, संलग्न कॉलेजं, जी तीन जिल्ह्यांत पसरलेली असतात. पदवीवर शिक्का एकच, पण प्रयोगशाळा, शिक्षक, सोबतची पोरं सगळं वेगळं. जळगावच्या आवारातली प्रशाळा आणि पुण्याच्या आवारातला विभाग, ही तुलना होऊ शकते. जळगावची प्रशाळा आणि 'पुणे विद्यापीठाचं' एखादं आडगावचं कॉलेज, ही वेगळी तुलना आहे, आणि तिथं जळगाव जड पडण्याची शक्यता चांगलीच असते.

इंजिनीअरिंगला तर आणखी गंमत. खान्देशातली बरीच कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली. पोरगं चार वर्षं बांभोरीला किंवा धुळ्याला शिकतं आणि विद्यापीठ रायगड जिल्ह्यातलं. शिरपूरला मुंबईच्या एनएमआयएमएस या अभिमत, म्हणजे डीम्ड, विद्यापीठाचा कॅम्पस आहे; म्हणजे नाव मुंबईचं, वसतिगृहाच्या खिडकीतून दिसतो सातपुडा. यात वाईट काही नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत पाहिजे.

स्वायत्त कॉलेज हा तिसरा प्रकार. जळगावचं मूळजी जेठा, अमळनेरचं प्रताप ही आपल्याकडची जुनी नावं स्वायत्त आहेत. पदवी विद्यापीठाचीच, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हातात. याचा फायदा म्हणजे निकाल वेळेवर लागायची शक्यता जास्त आणि अभ्यासक्रम लवकर बदलता येतो. हे सगळं ज्याच्या त्याच्या कॉलेजवर आहे, स्वायत्ततेची पाटी लावली म्हणून काही होत नाही.

तेव्हा वहीत दोन ओळी लिहा. प्रत्येक ओळीत: कोर्सचं पूर्ण नाव, शिकण्याची जागा, गाव, पदवी कोण देणार, संस्था कसली (शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित, अभिमत, खासगी विद्यापीठ). ज्या पोराला या पाच रकान्यांत काही भरता येत नाही, त्याचं अजून दोन ठिकाणी निवडायचं काम सुरूच झालेलं नाही.

हे मी एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. बी.एस्सी. नंतर मी स्वतः पुण्यात एका खासगी संस्थेत दोन वर्षांचा मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात 'पुणे विद्यापीठाजवळ' असं होतं. वडिलांनी आणि मी दोघांनी ते 'पुणे विद्यापीठाचा' असं वाचलं. दीड एकर विकलं होतं. पुढं एका सरकारी भरतीचा अर्ज भरताना 'मान्यता देणारी संस्था' या रकान्यात काय लिहायचं हे विचारायला मी त्या डिप्लोमावाल्यांच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, तो रकाना सोडून द्या. त्यामुळं खासगी किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, संकेतस्थळावरच्या यादीत त्याचं नाव आहे का ते स्वतः बघा. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसी प्रसिद्ध करते, ती पण बघा. तंत्रशिक्षणाचा कोर्स असेल तर एआयसीटीईची मान्यता, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची, बी.एड.ला एनसीटीईची.

दुसरी पायरी: नाव कुणासाठी हवंय ते ठरवा

नावाला किंमत आहे. नाही म्हणणारे बहुतेक नाव असलेल्या ठिकाणी शिकलेले असतात. पण ती किंमत कोण मोजणार आहे ते बघायचं.

परदेशी अर्ज करायचाय, पीएच.डी. करायचीय, मोठ्या कंपनीत पहिली नोकरी हवीय: इथं नाव कामाला येतं, कारण समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तो कागद वाचतो. स्पर्धा परीक्षा द्यायचीय तर आयोग फक्त पदवी मान्यताप्राप्त आहे का ते बघतो. शिक्षक व्हायचंय तर टीईटी, नेट-सेट बघतात. घरचा व्यवसाय सांभाळायचाय, ठिबकची एजन्सी घ्यायचीय, तर विद्यापीठाचं नाव कुणी विचारत नाही. आणि एक गिऱ्हाईक असं असतं जे उघड बोलत नाही: लग्नाचा बायोडाटा. "पोऱ्या पुण्याले शे" हे चार पाहुण्यांत सांगता यावं म्हणून घेतलेले प्रवेश मी डोळ्यांनी बघितलेत. आई-बापांची ही हौस चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण वर्षाकाठी तिचा खर्च किती येतो ते चौथ्या पायरीला मांडा आणि मग ठरवा.

नाव मोजायची सरकारी मापं तीन. नॅकची ग्रेड संपूर्ण संस्थेची असते. गेटवर 'ए' दिसलं की त्याखालचं वर्ष वाचा. ग्रेड ठरावीक मुदतीचीच असते आणि काही फलक मुदतीनंतरही झळकत राहतात. दुसरं एनबीए, हे तंत्रशिक्षणात एकेका कोर्सला मिळतं. कॉलेजात कॉम्प्युटरला आहे म्हणजे सिव्हिलला असेलच असं नाही. तिसरं एनआयआरएफ, केंद्र सरकारची क्रमवारी, 2016 पासून निघते.

या तिसऱ्याचा खरा उपयोग क्रमांकात नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. संस्थेच्या साइटवर सगळ्यात खाली किंवा वरच्या मेनूत 'एनआयआरएफ' शोधा, पीडीएफ उघडा. त्यात तक्ते असतात: किती मुलं घेतली, वेळेत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढं शिकायला गेली, आणि लागलेल्यांचा मधला पगार, ज्याला ते मेडियन म्हणतात. सगळ्या पगारांची उतरंड लावली तर मधोमध येणारा आकडा. जाहिरातीत 'सर्वोच्च पॅकेज' असतं, ते एका पोराचं असतं. तुमचं पोरगं बहुतेक मधल्या आकड्याच्या आसपास असणार, म्हणून तो बघा. आकडे संस्थेनंच भरलेले आहेत हे ध्यानात ठेवून तीन वर्षांचे शेजारी शेजारी लावा. मोठ्या विद्यापीठात हे आकडे सगळ्या विभागांचे एकत्र असतात, तुमच्या विभागाचा वेगळा हिशेब त्यातून निघत नाही. तो काढायला तिसरी पायरी.

नाव शहराला चिकटलेलंच असतं असंही नाही. शिरपूरचं आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज देशपातळीवरच्या फार्मसीच्या क्रमवारीत वर्षानुवर्षं दिसतं. पुण्या-मुंबईच्या पोरांना शिरपूर नकाशावर दाखवावं लागतं, पण फार्मसीच्या कंपन्यांना दाखवावं लागत नाही.

तिसरी पायरी: नोकरी कुठल्या गावात आहे ते शोधा

'करिअरला स्कोप कुठं जास्त' हा प्रश्न फार मोठा आहे, त्याचं उत्तर कुणीच नीट देत नाही. प्रश्न लहान करा: माझ्या विषयाच्या पोरांना कामावर घेणारे लोक कुठं बसतात?

कॉम्प्युटर, आयटी असेल तर पुणं. हिंजवडी, खराडी तिथं आहे. इंटर्नशिपला सकाळी जाऊन रात्री खोलीवर येता येतं. मेकॅनिकलला चाकण, तळेगाव. इथं जागेचा फायदा सरळ आहे, वाद घालण्यात अर्थ नाही.

फिजिक्सवाल्यांना एक वेगळं सांगतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातच आयुका आहे, खगोलशास्त्राची संस्था. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. संशोधनाचं वेड असलेल्या पोराला एका सायकलच्या टप्प्यात एवढी व्याख्यानं, एवढ्या प्रयोगशाळा महाराष्ट्रात दुसरीकडे मिळणं अवघड. असं पोरगं असेल तर उधारी करा पण पाठवा. एवढंच की तिथल्या विभागात प्रवेश परीक्षेतून जागा मिळालेली असली पाहिजे. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात राहून हे सगळं आपोआप अंगाला लागत नाही.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं गणित मात्र उलटं फिरतं. आपल्याकडून एम.एस्सी. झालेली पोरं कित्येक वर्षं अंकलेश्वर, वापी, तारापूर या पट्ट्यात जातायत. नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली की ताप्तीच्या खोऱ्यानं माणूस थेट त्या पट्ट्याच्या तोंडाशी पोचतो. जळगावच्या विद्यापीठात केमिकलची स्वतःची संस्थाही आहे, यूआयसीटी. या विषयात 'पुणे म्हणजे नोकरी' हे समीकरण तितकंसं खरं नाही. जिथं प्रॅक्टिकल हातानं करायला मिळतं, तिथलं पोरगं मुलाखतीत टिकतं.

शेतीशी जोडलेल्या विषयांना तर मी आधी इथंच बघा म्हणेन. रावेर-यावलची केळी, टिश्यू कल्चर, ठिबक, पाइप, डाळ मिल, तेल गिरण्या सगळं इथं आहे. कृषी पदवी घेणार असाल तर विद्यापीठ राहुरीचं, महात्मा फुले कृषी. त्याचं कॉलेज धुळ्यात आहे, तिथं जळगाव-पुणे हा प्रश्नच येत नाही. डॉक्टरकीलाही तेच, अभिमत विद्यापीठं सोडली तर राज्यभर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, निवड फक्त कॉलेजची.

आणि एम.ए. ला पुण्यात प्रवेश घेऊन शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत एमपीएससी करायची असेल तर तसं घरी सरळ सांगा. प्रवेश नावापुरता असेल तर त्यासाठी विद्यापीठांची तुलना करण्यात वेळ घालवू नका. अभ्यासिका, खोली आणि तुम्ही स्वतःला किती वर्षं देणार, एवढी तीनच गणितं आहेत. त्यातलं तिसरं सगळ्यात अवघड.

विभागाची खरी हकीकत कळायची तर दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या तिघांशी बोला. कॉलेजनं दिलेल्या नंबरांवर नको, ती निवडलेली माणसं असतात. लिंक्डइनवर विभागाचं नाव टाकून शोधा, गावातली ओळख काढा. खान्देशी माणूस 'कथला शे तू?' विचारल्यावर अर्धा तास बोलतो, हा आपला फायदा आहे. विचारायचं एवढंच: तुमच्या वर्गात किती जण होते? सध्या काय करतायत? पहिली नोकरी कॉलेजात आलेल्या कंपनीनं दिली की स्वतः शोधली? प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती जण? निकाल किती महिन्यांनी लागायचा? गाईड वेळ द्यायचे का?

चौथी पायरी: गाव म्हणजे रोजचा दिवस, आणि दिवसाला पैसे लागतात

फी सगळे बघतात. खोली, मेस आणि येणं-जाणं कुणी बघत नाही, आणि पोरगं दिवाळीला घरी येतं ते पैसे मागायलाच.

वहीत हिशेब असा मांडा. समजा खोलीत चार जण, डोक्याला महिना 3,500. मेस दोन वेळची 3,500. नाश्ता-चहा, बस, मोबाइल, झेरॉक्स मिळून 2,500. झाले 9,500. दहा महिन्यांचे 95,000. खोलीची अनामत वेगळी, आणि सुट्टीच्या दोन महिन्यांचंही भाडं बहुतेक खोलीमालक सोडत नाहीत, म्हणून 7,000 आणखी धरा. दोन वर्षांचे दोन लाखांच्या वर गेले, फी अजून धरलेलीच नाही. हे माझे आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही ज्या भागात राहणार तिथल्या पोरांना फोन करून खरे भरा. जळगावला रोज एसटीनं जाऊन-येऊन करणाऱ्याचा हिशेब पासच्या किमतीत उरकतो, पण त्यात दिवसाचे तीन-चार तास जातात, तेही लिहा. एरंडोल-धरणगावच्या पोराला ते जमतं. शहाद्याच्या पोराला जळगावसुद्धा परगावच.

विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर सगळं चित्र बदलतं. पण प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं धरू नका. त्याचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, आणि ती लागेपर्यंत महिना-दीड महिना कुणाच्या तरी खोलीत 'पॅरासाइट' म्हणून काढावा लागतो. हा शब्द पुण्याच्या होस्टेलवाल्यांचा आहे, माझा नाही. दोन्ही विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत रोज थोडे तास काम आणि त्याचे पैसे. लाज वाटायचं कारण नाही, विभागातल्या लोकांशी ओळख होते हा वरचा फायदा.

सरकारी योजनांमध्ये शहराचा फरक पडतो, तो बघा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, या योजनांत वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात आणि मोठ्या शहराचा दर जास्त असतो. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना उपयोगी. पैसे उशिरा येतात, हे गृहीत धरूनच चाला. पहिलं सत्र स्वतःच्या खिशातून काढायची तयारी ठेवा.

मुलींच्या बापांनी हे दोनदा वाचावं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक कोर्सना आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत नाही. एका बाईंनी मुलीसाठी पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात आगाऊ रक्कम भरून टाकली आणि मग माझ्याकडे माफीचा फॉर्म भरायला आल्या. तो फॉर्म तिथं चालतच नव्हता.

प्रवासाचं थोडक्यात: भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावच्या पोरांना महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याला सरळ नेते. धुळे, पारोळा, अमळनेरवाल्यांना रात्रीची बस किंवा चाळीसगावला गाडी बदलणं. दिवाळीत ट्रॅव्हल्सचं भाडं किती होतं ते मागच्या दिवाळीला गेलेल्या पोराला विचारा.

पाचवी पायरी: इंजिनीअरिंगवाल्यांनी कटऑफ वाचायला शिका

बाकीच्यांनी हे सोडलं तरी चालेल.

कॅपच्या कटऑफ यादीत 'जीओपेनएच', 'एलओबीसीओ' असे शब्द दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातले, एस म्हणजे राज्यपातळी. तुम्ही बारावी ज्या जिल्ह्यातून दिली, त्या जिल्ह्याचं विद्यापीठ ते तुमचं होम. विद्यापीठाला संलग्न कॉलेजांत साधारण सत्तर टक्के जागा होमच्या मुलांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना. सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी राज्यपातळीवर.

म्हणजे पारोळ्यातून बारावी झालेल्या पोरानं पुण्याच्या कॉलेजचा 'एच'चा कटऑफ बघून आशा धरायची नाही, त्याची ओळ 'ओ'ची. आणि जे पोरगं क्लाससाठी लातूरला गेलं आणि बारावीचा फॉर्मही तिथूनच भरला, त्याचं होम नांदेडचं विद्यापीठ झालं. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात तो बाहेरचा. दहावी झाल्यावर हा निर्णय घेताना कुणी हे सांगत नाही.

विकल्पांचा क्रम लावताना 'मिळेल का' असा विचार करून लावू नका, 'हवंय का' असा लावा. मार्क कमी म्हणून चांगलं कॉलेज खाली टाकलं तर यंत्रणा ते खालचंच समजते. 2025 च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर तो घ्यावाच लागत होता, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. नियम दर वर्षी हलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका डाउनलोड करून तेवढं पान वाचाच. गमतीनं पहिल्या नंबरावर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडलेली पोरं मी पाहिलीत.

सहावी पायरी: एक दिवस जाऊन या

रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी जा, एका वेळी एकच ठिकाण. प्रवेश कक्षात गोड बोलतील, तिथं दहा मिनिटं पुरे. मग विभागाच्या नोटीस बोर्डासमोर उभे राहा. शेवटची नोटीस कधीची आहे? व्याख्यान, सेमिनार, मुलाखती यांचे कागद आहेत की फक्त फी भरण्याच्या तारखा? प्रयोगशाळेच्या दारातून आत बघा: उपकरणावर कापड आणि कापडावर धूळ असेल तर समजून घ्या. संध्याकाळी पाचला ग्रंथालयात किती पोरं बसलीत ते मोजा. मेसमध्ये एक जेवण करा. शौचालय बघा, विशेषतः मुलीसाठी जागा शोधत असाल तर, आणि सातनंतर वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का तेही. पोराला एकट्याला सोडून वडिलांनी तासभर चहाच्या टपरीवर बसावं. दुसऱ्या वर्षाची पोरं बापासमोर खरं बोलत नाहीत.

सातवी पायरी: कागद

एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि नव्या ठिकाणी पात्रतेचा फॉर्म भरावा लागतो. मायग्रेशनचा अर्ज जुन्या विद्यापीठाकडे वेळेवर करा. दुसरीकडची फी भरल्याची पावती हातात येईपर्यंत पहिली जागा रद्द करू नका. मूळ कागद पडताळून परत द्यायचे असा यूजीसीचा नियम आहे, कुणी 'राहू द्या इथंच' म्हणालं तर पावती मागा. नॉन-क्रिमीलेअर 31 मार्चला संपतं, जात पडताळणीला महिने लागतात. पडताळणी बारावीच्या किंवा शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच उरकून घ्या, आणि नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या वेळी मुदतीत असेल ना ते बघा.

त्या बाप-लेकीनं शेवटी जळगाव घेतलं. मुलीनं आधी पुण्याच्या विभागाची प्रवेश परीक्षाही दिली होती, यादीत नाव खाली होतं. ते वर आलं असतं तर मी तिला पुण्यालाच जा म्हटलं असतं, आणि वडिलांनाही तसं सांगितलं. ते हसून म्हणाले, "मंग त्याम्हा पुणं राहातं ना भाऊ."

आणि हो, शेवटच्या दिवसाची संध्याकाळ टाळा. पाचनंतर सर्व्हर रडत-खडत चालतो, दुकानासमोर रांग लागते, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल शेतात पाणी धरायला गेलेल्या वडिलांच्या खिशात असतो. नंबर स्वतःचा टाका.